बेचाळीस सेकंद: एका दुसऱ्या अल्बमचं प्रकरण

हे प्रकरण एका मराठी गायिकेच्या दुसऱ्या अल्बमचं आहे. शब्द तिचे, चाली तिच्या, बहुतेक ठिकाणी गिटारही तिचीच. माझ्याकडे संयोजन, ध्वनिमुद्रण आणि मिक्स होतं. म्हणजे मी काही तटस्थ निरीक्षक नाही. पुढे ज्या चुका येतील त्यातली सगळ्यात महागडी माझीच आहे. तिला आणि घरच्यांना विचारून लिहितोय. नावं काढली आहेत, काही तपशील बदलले आहेत. गाव मात्र तेच ठेवलंय, कारण मिरज काढली तर तंबोरा जातो, आणि तंबोरा गेला तर सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

पार्श्वभूमी

पहिला अल्बम २०१९ चा. सहा गाणी, दोन गिटार, एक काहोन (पेटीसारखं तालवाद्य), एका गाण्यात व्हायोलिन. कोथरूडमधल्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये गाद्या भिंतीला उभ्या करून आम्ही तो केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आलं होतं, आणि आपली गाणी आपणच लिहिणाऱ्या सगळ्यांना वाटायला लागलं होतं की आता कुठल्या कंपनीच्या दारात उभं राहायला नको. दीडएक वर्ष अल्बम जेमतेम चालला. मग २०२१ मध्ये त्यातलं घाटातल्या पावसाचं गाणं कुणीतरी लग्नाआधीच्या व्हिडिओला लावलं आणि ते रील्सवर पसरलं. त्या गाण्याला दुसरं कडवं आहे हे आजही बहुतेकांना माहीत नाही. रीलला मुखड्याचे वीस सेकंद पुरतात. पण कार्यक्रम यायला लागले. कॉलेजांची स्नेहसंमेलनं, कॅफे, आयटी कंपन्यांचे वार्षिक दिवस. आयोजकांचं म्हणणं सगळीकडे सारखंच: ते पावसाचं शेवटी ठेवा, आणि तसलं अजून एखादं असेल तर बघा.

ऑगस्ट २०२२ मध्ये मिरजेत तिच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणं. काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तीस वर्षं एका सहकारी बँकेत कॅशियरकी केलेली. समजायचं सगळं. पेपर समोर धरला की मथळ्यावर डाव्या हाताचं बोट ठेवायचे, चुकीचा चष्मा दिला तर परत करायचे. पण तोंडातून शब्द निघायचा नाही. पाणी हवं असलं तरी नुसता 'प, प' व्हायचा आणि मग चिडून भिंतीकडे तोंड. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात.

तिने पुण्यातली खोली सोडली नाही, पण आठवड्यातले चार दिवस मिरजेत काढायला लागली. कोयना एक्सप्रेसने जायचं, कोयनेने यायचं. कार्यक्रम घेणं जवळपास बंद झालं. गाणी लिहिणं मात्र चालू राहिलं, रात्री, स्वयंपाकघरात. काकांची खोली पुढच्या बाजूला, त्यामुळे मागे ओट्यापाशी बसलं तर आवाज तिथवर जायचा नाही. ओट्यावरच्या मिक्सरला फोन टेकवून ठेवायचा, नखी न वापरता बोटांनी तारा हलवायच्या आणि अर्ध्या आवाजात गायचं. आईला सकाळी कळायला नको की ही दोनपर्यंत जागी होती.

अडचण

जानेवारी २०२४ मध्ये तिने मला असे एकोणीस डेमो पाठवले. ऐकताना मला अवघडल्यासारखं झालं. चोरून कुणाची डायरी वाचताना होतं तसं. गाणी चांगली होती, काही तर फारच. पण पहिल्या अल्बमवर प्रेम करणाऱ्यांना जे हवं होतं ते यात कुठेच नव्हतं. पाऊस नाही, घाट नाही, प्रेम नाही म्हटलं तरी चालेल. औषधाच्या पत्र्यावर लिहिलेले वार होते, दुपारी बंद पडणारा फ्रिज होता, आणि न सांगता लांब लांब राहणारी मुलगी होती.

आत वळून बघणारी गाणी म्हटलं की चर्चा बहुधा एवढीच होते की कलाकाराने स्वतःला किती उघडं करावं. आमच्या बाबतीत हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच मिटला. तिला स्वतःबद्दल काहीच लपवायचं नव्हतं. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आत वळून बघितलं तर आत अख्खं घर बसलेलं होतं.

सहावं गाणं म्हणजे त्या घराचा मधला खांब. त्याची गोष्ट अशी. मार्च २०२३ मधली एक दिवेलागण. आई देवापाशी आरती म्हणत होती. ही आतल्या दारात बसून एक चाल फोनवर टिपत होती, म्हणजे रेकॉर्डर आधीपासूनच चालू. आणि पाणी मागता न येणाऱ्या माणसाने आरतीचं अख्खं कडवं शब्दांसकट म्हटलं. याला कारण आहे. बोलण्याची यंत्रणा बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असते. पाठ झालेलं गाणं म्हणताना उजव्या बाजूचीही मदत होते, त्यामुळे वाचाघात झालेली काही माणसं बोलू शकत नसली तरी गाऊ शकतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत बॉस्टनला यावरच एक उपचारपद्धती उभी राहिली. पण हे आम्हाला नंतर कळलं. त्या संध्याकाळी घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. फोनवरची ती नोंद बेचाळीस सेकंदांची आहे. दोन ओळी दोघं बरोबर म्हणतात. तिसऱ्या ओळीला आईचा आवाज थांबतो, कारण आपल्याबरोबर कोण म्हणतंय ते तिच्या लक्षात येतं. पुढचं काका एकटे म्हणतात.

सहाव्या गाण्याच्या डेमोत दुसऱ्या अंतऱ्यानंतर ही नोंद जशीच्या तशी होती.

समोर असलेले पर्याय

पहिला निर्णय अल्बमच्या बांध्याचा. एक कंपनी आगाऊ रक्कम द्यायला तयार होती. अट अशी की मास्टर, म्हणजे अंतिम ध्वनिमुद्रणांची मालकी, त्यांची, आणि आठातल्या तीन गाण्यांना 'चालणारा' ठेका. २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क राखतो. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, कंपनीला लिहून देता येत नाही. त्यामुळे करार वाटतो तेवढा भयंकर नव्हता. पण काकांच्या औषधांच्या गाण्याखाली किक ड्रम, ही कल्पनाच तिला ऐकवेना. नकार दिला. दर सहा आठवड्यांना एक गाणं सोडायचं, हा आजकालचा शहाणपणाचा मार्गही टाळला. तिचं म्हणणं होतं की ही गाणी सुटी सुटी ऐकली तर रडगाणी वाटतील, ओळीने ऐकली तर एक घर दिसेल. मला ते पटलं. मग ठरलं: आठ गाणी, एकतीस मिनिटं, एकत्र, आधी फक्त एक गाणं वाटाड्या म्हणून.

दुसरा निर्णय आवाजाचा. तिथे माझा पहिला महिना वाया गेला. मी कुठलाही संयोजक करील तेच केलं. पुण्यात चांगला स्टुडिओ घेतला, चांगला माइक लावला, तिला काचेच्या पलीकडे उभं केलं. टेक सुरात आले, स्वच्छ आले आणि मेलेले आले. चार दिवस कारण सापडेना. मग डेमो आणि टेक एकामागोमाग लावले तेव्हा उलगडा झाला. फोनचा रेकॉर्डर आवाजाची पातळी आपोआप वरखाली करत असतो. ती हळू गायची तेव्हा तो आवाज वर खेचायचा, आणि ओळ संपली की मागची खोली हळूहळू वर यायची: फ्रिजची घरघर, घड्याळ, लांबवर मालगाडी. प्रत्येक ओळीनंतर घर श्वास घ्यायचं. स्टुडिओत ओळीनंतर काहीच नव्हतं. शिवाय तिथे ती ऐकू जावं म्हणून गात होती. मिरजेत ती ऐकू जाऊ नये म्हणून गायली होती.

पर्याय तीन निघाले. डेमोच वापरायचे, पण फोनच्या आवाजाला तळ नसतो आणि गिटार पत्र्यासारखी वाजते. स्टुडिओतच पुन्हा प्रयत्न करायचा. किंवा स्टुडिओ उचलून स्वयंपाकघरात न्यायचा.

तिसरा निर्णय त्या बेचाळीस सेकंदांचा. इथेही पर्याय होते: नोंद तशीच ठेवायची, कुणा गायकाकडून तेवढा भाग म्हणून घ्यायचा, किंवा काढून टाकायचा. ती साशंक होती. 'बाबांना आवडेल का रे?' असं दोनदा विचारलं तिने. मी म्हणालो, 'अगं, अल्बमचा गाभाच तो आहे. तो काढलास तर राहतं काय?' यात मी खोटं बोललो नाही, मला खरंच तसं वाटत होतं. पण ती विचारत होती घराबद्दल आणि मी उत्तर देत होतो अल्बमबद्दल. त्यावेळी फरक कळला नाही.

काय केलं

एप्रिल २०२४ मध्ये मी एक माइक, दोन स्टँड, लॅपटॉप आणि माइक लॅपटॉपला जोडायचा इंटरफेस घेऊन मिरजेला गेलो. सहा रात्री, अकरा ते दोन. माइकबरोबर फोनही मिक्सरला टेकवून चालू ठेवला आणि मिक्समध्ये दोन्ही नोंदी एकत्र केल्या: माइकमधून गळा, फोनमधून खोली. पहिल्या रात्री मी फ्रिज बंद केला, कारण पन्नास हर्ट्झची घरघर तळाला येऊन बसत होती. घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना आठवतो. मी कोयनेने आलो होतो, गाडीच नव्हती. सकाळी दूध फाटलं, विरजण आंबून गेलं. काकू काही बोलल्या नाहीत, चहा कोरा आला. दुसऱ्या रात्रीपासून फ्रिज चालू ठेवला आणि ऐकल्यावर लक्षात आलं की तोच बरा. चौथ्या गाण्यात तो मध्येच बंद होतो तेव्हा अंगावर काटा येतो, आणि ते आम्ही ठरवून केलेलं नाही.

तंबोऱ्याची कल्पना तिची. मिरज हे तंतुवाद्यांचं गाव, इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. घरापासून चालत दहा मिनिटांवर सतारमेकर गल्ली असताना इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावायचा हे तिला पटत नव्हतं. काळी चार पट्टीचा एक जुना तंबोरा महिन्याच्या भाड्याने मिळाला. घरी आणला तर आवाज बसका, नुसता ठणठण. तिला वाटलं जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा गुंजन आणणारा घाट, गेली. दुकानातले चाचा घरी आले, मांडी घालून बसले, एका बोटाने तार छेडली आणि दुसऱ्या हाताने घोडीवरचं सूत केसभर मागे ओढलं. तोच तंबोरा एकदम भणाणला, गुंजन भांड्यांपर्यंत गेलं. 'जवारी चांगली हाय बाई, सूत सरकलंय नुसतं. रिक्षात आणला न्हवं?' पैसे घेतले नाहीत.

मग दुसरंच भांडण सुरू झालं. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गांधार, म्हणजे 'ग', आपोआप ऐकू येतो. तो नैसर्गिक गांधार. गिटारचे पडदे स्वरांमधलं अंतर समान राहील असे बसवलेले, त्यामुळे गिटारचा गांधार त्याच्यापेक्षा साधारण १४ सेंट चढा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. सांगायला किरकोळ, पण शांत गाण्यात दोन्ही एकत्र वाजले की दातात खडा आल्यासारखं होतं. उपाय अगदी साधा निघाला: तंबोरा असलेल्या चार गाण्यांत गिटारवर गांधार वाजवायचाच नाही. ज्या तारेवर तो येतो ती बोटाने मुकी करायची. गांधार फक्त तिच्या गळ्यात आणि तंबोऱ्यात. याने कॉर्ड ना आनंदी राहिले ना दुःखी, आणि गाण्यांचा रडका सूर बराच कमी झाला. अल्बममधला माझा सगळ्यात आवडता निर्णय हाच, आणि तो घ्यायला आम्हाला एका वाद्याने भाग पाडलं.

मास्टर करणाऱ्याने, म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्याने, विचारलं, 'एवढं हळू ठेवू?' स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या मोठेपणाचं एकक) आसपास आणून ऐकवतं. मोठ्याने केलेलं गाणं खाली ओढतं, हळू केलेलं वर उचलतं, पण आवाज फाटणार नाही इतपतच. त्यामुळे गाणं दाबून मोठं करण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. हळूच ठेवलं.

आता चूक. वाटाड्या म्हणून मी सहावं गाणं निवडलं, काकांच्या नोंदीसकट. तारीख ४ ऑक्टोबर २०२४. १८ सप्टेंबरला गाणं वितरकाकडे गेलं, आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक, पडला, गाणं यायच्या आधीच साठवून ठेवायची प्री-सेव्हची लिंक निघाली, स्पॉटिफायच्या संपादकांकडे शिफारस गेली. ती किमान सात दिवस आधी लागते, आम्ही सोळा दिवस आधी पाठवली म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. रविवारी, २२ तारखेला, तिने न्यूजर्सीतल्या भावाला गाणं पाठवलं. कौतुकाने पाठवलं.

फोन आला तेव्हा मी तिच्यासमोरच होतो. तो ओरडला नाही. म्हणाला, 'अगं, बाबा बनियनवर कधी कुणासमोर आलेत का? बेल वाजली की आधी सदरा, मग दार. आणि तू त्यांना असं जगासमोर बसवतेस? त्यांना विचारलंस?' ती म्हणाली, 'त्यांना विचारणार कसं, दादा?' तो म्हणाला, 'म्हणजे विचारलं नाहीस.'

त्या रात्री तिने ठरवलं की गाणं मागे घ्यायचं. मी वाद घातला. तो दूर आहे, त्याला अपराधी वाटतंय, म्हणून तो तिथून नियम सांगतोय, असं काहीतरी मी बोललो. ते खरंही असेल. पण त्याचा प्रश्न त्याने रद्द होत नव्हता.

२५ सप्टेंबरला गाणं मागे घेतलं. मग काकांना विचारायचं कसं, हा प्रश्न घेऊन ती त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वाचाउपचारतज्ज्ञ ताईंकडे गेली. त्यांनी जी पद्धत सांगितली ती मी इथे सविस्तर देतो. डाव्या हाताशी दोन कार्डं, हिरवं म्हणजे हो, तांबडं म्हणजे नाही. आधी ज्यांची उत्तरं ठाऊक आहेत असे प्रश्न: तुम्ही मिरजेत राहता का, आत्ता रात्र आहे का, तुम्ही बाई आहात का. (शेवटच्या प्रश्नावर काकांनी ताईंकडे असं पाहिलं की कार्डाची गरजच पडली नाही.) ती सगळी बरोबर आली तरच खरा प्रश्न, आणि तोही उलटसुलट. कारण वाचाघातात काही जण सवयीने एकच कार्ड उचलत राहतात. 'हे लोकांना ऐकवायचं?' याला नाही आणि 'हे घरातच ठेवायचं?' याला हो आलं, किंवा बरोबर याच्या उलट, तरच ते उत्तर धरायचं. एका दिवसावर भरवसा नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीनदा.

नऊ दिवसांत तीनदा विचारलं. तिन्ही वेळा आधी पूर्ण गाणं ऐकवलं. पहिल्या वेळी स्वतःचा आवाज आला तेव्हा काकांनी मान खाली घातली. तिन्ही वेळा 'लोकांना ऐकवायचं?' याला तांबडं, 'घरातच ठेवायचं?' याला हिरवं. 'गाणं ऐकवू, पण तुमच्या आवाजाशिवाय?' याला हिरवं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तांबडं कार्ड उचलून हातात धरलं नाही, थेट फोनच्या स्क्रीनवर ठेवलं. आणि मग बोटाने खूण केली की गाणं पुन्हा लाव.

नोंद निघाली. तिच्या जागी फक्त तंबोरा राहिला. मी तो वीस सेकंदांवर आणला होता, ऐकणारा थांबणार नाही म्हणून. तिने पूर्ण बेचाळीस परत घातले.

निकाल

ध्वनिमुद्रण बदललं म्हणून आयएसआरसी नवा, त्यामुळे सगळं पहिल्यापासून. जुने प्री-सेव्ह गेले, संपादकांकडची शिफारस गेली. नवं गाणं २५ ऑक्टोबरला आलं, म्हणजे नेमकं दिवाळीच्या तोंडावर. फराळाच्या आणि फटाक्यांच्या रील्समध्ये तंबोऱ्याचं गाणं कोण ऐकतंय? अल्बम २९ नोव्हेंबरला आला.

आकड्यांत बघाल तर अल्बम पडला. पहिल्या महिन्यात नव्या आठ गाण्यांना मिळून जेवढे ऐकणारे मिळाले, त्याहून जास्त त्या पावसाच्या गाण्याला एका आठवड्यात मिळतात. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. आमची तीन गाणी वर्षभरात त्या रेषेला पोचली नाहीत. सहाव्या गाण्याच्या यूट्यूबवरच्या आलेखात त्या बेचाळीस सेकंदांपाशी खड्डा आहे. बरेच जण तिथून निघून जातात. मी तिला तो आलेख दाखवला. 'जाऊ देत की,' म्हणाली.

पैसे कार्यक्रमांनी परत आणले. मंच नाही, सतरंजी, साठ ते शंभर माणसं, तिकीट, ती, तंबोऱ्याला एक मैत्रीण आणि ध्वनीला मी. पुणे, सांगली, कोल्हापूर, ठाणे, बेळगाव असे अकरा कार्यक्रम झाले. अल्बमचा खर्च जवळजवळ निघाला. माझ्या मानधनातला शेवटचा हप्ता अजून यायचाय, आणि मी तो मागितलेला नाही.

याच कार्यक्रमांत आणखी एक निर्णय घ्यावा लागला, जो आमच्या कुठल्याच यादीत नव्हता. सुरुवातीला ती सहाव्या गाण्याआधी आजारपणाची गोष्ट सांगायची. लोक हळवे व्हायचे, मग भेटायला यायचे, आणि निम्मे प्रश्न संगीताचे नसायचेच: कुठले डॉक्टर, किती दिवसांत फरक, आमच्या सासऱ्यांना चालेल का. तिला मदत करायची होती, पण ती डॉक्टर नव्हती, आणि बाबांना न दाखवायचं ठरवून पुन्हा रोज रात्री त्यांनाच दाखवत होती. पाचव्या कार्यक्रमापासून तिने गोष्ट बंद केली. मुलाखतींसाठी तीन वाक्यं ठरवली, त्यापलीकडे काही नाही. वाचाउपचारांबद्दल कुणी विचारलं तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करा एवढंच सांगते. गाणं त्याने कमी झालं नाही. उलट आता लोक तंबोऱ्याच्या जागी आपापलं काहीतरी ऐकत असावेत, असा माझा अंदाज.

वेगळं काय करता आलं असतं

स्टुडिओचा महिना वाचला असता. डेमो आणि टेक शेजारी लावून ऐकायला एक दुपार लागते. ती मी पहिल्याच आठवड्यात घालवायला हवी होती.

वाटाड्या म्हणून सहावं गाणं निवडायला नको होतं, नोंद असती तरीही. सगळ्यात जड गाणं सगळ्यात आधी पाठवलं की बाकी सात गाण्यांना शोकाचा शिक्का बसतो. चौथं, फ्रिजवालं, जास्त चाललं असतं. त्यात थोडा विनोद आहे.

विचारण्याचं म्हणाल तर ते ध्वनिमुद्रणाच्या आधी व्हायला हवं होतं. मिक्स झाल्यावर विचारलं की 'नाही' ऐकायला कान तयार नसतात. तोवर आपला जीव त्या आवाजात अडकलेला असतो, आणि मग आपण प्रश्न असा घालतो की उत्तर 'हो' यावं. आम्ही ताईंकडे गेलो नसतो तर मी एकदाच, गाणं लावून, हसत, 'काका, छान झालंय ना?' असं विचारलं असतं आणि मान हलली की परवानगी धरली असती. हे माझं मला माहीत आहे. आता कुठल्याही गाण्यात दुसऱ्या कुणाचा आवाज, पत्र किंवा नाव असलं की मी पहिल्या बैठकीत विचारतो, हे कोणाचं आणि त्यांना ठाऊक आहे का. दोन गायकांना याचा राग आला.

एक गोष्ट मात्र हे लिहीपर्यंत माझ्या ध्यानातच आली नव्हती. मागच्या महिन्यात हा मजकूर घेऊन मिरजेला गेलो, सगळ्यांनी वाचावा म्हणून. काकांना तिने वाचून दाखवला, हिरवं कार्ड. भावाने फोनवर ऐकला, दोन तपशील काढायला सांगितले, काढले. काकूंनी चष्मा लावून स्वतः वाचला, सावकाश, एकेक पान पालथं घालत. बेचाळीस सेकंदांच्या परिच्छेदापाशी थांबल्या.

'त्यात माझाही आवाज होता की,' म्हणाल्या.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांना विचारायला नऊ दिवस, दोन कार्डं आणि एक तज्ज्ञ लागले होते. ज्या रोज समोर चहा ठेवत होत्या त्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी म्हणालो, 'काकू, विचारलं असतं तर काय म्हणाला असता?'

'आता विचारताय होय,' म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या.